काळीचा वाटा

अकरा कोकरं होती. त्यातली सात डावीकडे फिरत होती, चार उजवीकडे. फिरत म्हणजे चरत नव्हे. एकाच जागी, मान एका खांद्याकडे कलती ठेवून, घाण्याला जुंपल्यासारखी गोल गोल. मध्येच एखादं थांबायचं, कळपाभोवतीच्या जाळीला डोकं टेकवून उभं राहायचं आणि थोड्या वेळाने पुन्हा फिरायला लागायचं.

"परवा सात हुती," म्हाकूतात्या म्हणाले. "आज अकरा हायती. उद्याचं कुणी सांगावं."

मी जीपमधून उतरले ती रागातच. हा आजार माझ्या ओळखीचा होता. तो का होतो हे याच माणसाला, याच्याच कळपात, आठ-नऊ महिन्यांपूर्वी मी घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं होतं. तेव्हा मी सांगोला तालुक्यातल्या एका दवाखान्यात पशुधन विकास अधिकारी होते. लोकांच्या भाषेत जनावरांची डॉक्टरीण. आपण सांगतो आणि लोक ऐकत नाहीत, असं त्या नोकरीत माझं पक्कं मत झालं होतं. ते मत त्या दिवशीपर्यंत टिकलं.

म्हाकूतात्यांचा कळप दीडशे मेंढ्यांचा. साठीचा माणूस, बोलणं कमी. कळपाची खरी मालकीण त्यांची बायको सोनाबाई. कुठलं कोकरू कुठल्या मेंढीचं हे ती लांबून ओरडण्यावरून सांगायची. मागची दोन वर्षं पाणी टँकरचं होतं. त्या दोन वर्षांत जन्मलेली सगळी कोकरं त्यांनी विकून टाकली होती. म्हाताऱ्या मेंढ्या तेवढ्या राहिल्या. यंदा पहिल्यांदाच त्यांनी चाळीस मादी कोकरं ठेवली होती. पुढचा कळप होणार तो यांचाच.

"ही गेली तर मेंढरं बंद," तात्यांनी फोनवर सांगितलं होतं. "कुर्डुवाडीला भाचा हाय, त्येच्याकडं जाऊन काय हमाली मिळती का बगतो."

मी एकेक कोकरू धरून कवटीवरून अंगठा फिरवला. कानांच्या मधल्या जागेत, शिंगाच्या मुळाजवळ हाड दाबलं गेलं की कळतं. निरोगी कवटी दगडासारखी लागते. या आजारात ती एका ठिकाणी पातळ होत जाते आणि अंगठ्याखाली पुठ्ठ्यासारखी दबते. अकरापैकी सहांची दबली. उरलेल्या पाचांमध्ये जे काही होतं ते खोल होतं, माझ्या हाताच्या बाहेर.

हे काय असतं ते आधी सांगते, म्हणजे पुढचं समजेल. मेंढपाळ म्हणतात, चक्कर लागली. पुस्तकात याचं नाव गिड. याच्या मागे एक चपटा कृमी असतो. तो राहतो कुत्र्याच्या आतड्यात. दिसायला पांढरी फीत, हातभर ते दोन हात लांब. प्राणी म्हणून पाहिला तर अगदी गरीब. त्याला तोंड नाही, पोट नाही, डोळे नाहीत. आतड्यातलं आयतं अन्न तो कातडीतूनच शोषतो. डोकं मोहरीपेक्षा लहान. त्या डोक्यावर चिकटून बसायच्या चार वाट्या आणि वर बारीक आकड्यांच्या दोन रांगा. त्या रोवून एकदा बसला की हलत नाही. मानेपासून एकामागून एक कप्पे तयार होतात आणि जुने मागे ढकलले जातात. प्रत्येक कप्प्यात नराचे अवयवही असतात आणि मादीचेही. मागचे, पिकलेले कप्पे म्हणजे अंड्यांनी भरलेल्या पिशव्याच. ते तुटतात आणि कुत्र्याच्या विष्ठेतून गवतावर पडतात.

ते गवत कोकरू खातं. पोटात अंडं फुटतं. आतली सूक्ष्म अळी आतड्याची भिंत भोसकून रक्तात शिरते आणि रक्ताबरोबर अंगभर जाते. बहुतेक मरतात. मेंदूत पोचते ती जगते. तिथे तिची पाण्याने भरलेली पिशवी होते. आधी वाटाण्याएवढी, काही महिन्यांत लिंबाएवढी. पिशवीच्या आतल्या बाजूला पांढरे ठिपके दिसतात, तांदळाच्या कणीसारखे, शेकड्यांनी. त्यातला प्रत्येक ठिपका म्हणजे एक डोकं. वाट पाहत बसलेलं.

वाट कशाची, तर कुत्र्याने ते खावं याची. एवढा एक दुवा तुटला की सगळा आजार संपला. मेंढीतून मेंढीला हा लागत नाही.

आता इकडची रीत. चक्कर लागलेली मेंढी कापली तर तिचं डोकं माणसं खात नाहीत. खाल्लं तर आपल्यालाही चक्कर येईल म्हणतात. पुरत नाहीत, फेकतही नाहीत. ते कळपाच्या कुत्र्याला देतात. रात्रंदिवस राखण करतं, त्याचा वाटा. कधीपासून चालत आलंय कुणास ठाऊक. त्या कृमीला स्वतःची सोय करायला सांगितली असती तरी याहून चांगली जमली नसती.

तात्यांची कुत्री काळी. नावाप्रमाणे काळी, वासराएवढी, डावा कान फाटलेला. तो लांडग्याने फाडला होता. आमच्या माळावर लांडगे आहेत आणि ते दिवसाढवळ्या येतात. काळी असताना या कळपातलं कोकरू गेलं नव्हतं.

पहिल्यांदा मी आले होते ती एकाच मेंढीसाठी. कळपाच्या पुढे चालणारी, सोनाबाईने बाटलीने दूध पाजून वाढवलेली मेंढी. तिची कवटी छान दबत होती. मी जागेवरच, सावलीला पोतं अंथरून ऑपरेशन केलं. केस भादरले, जागा बधिर केली, कातडी उलटवली, हाड मऊ झालं होतं तिथे खिडकी पाडली. तात्यांनी मेंढीचं डोकं खाली झुकवून धरलं. पिशवी आपोआप वर आली. चिमट्याने धरून पीळ देत देत काढली. अख्खी, न फुटता. आजूबाजूच्या वस्तीवरची माणसं जमली होती. मी ती ट्रेमध्ये ठेवली आणि सगळ्यांना दाखवली. हे ठिपके बघा, हे सगळे जंत, चक्कर आलेल्या मेंढीचं डोकं कुत्र्याला कधी घालायचं नाही, खोल पुरायचं. टाके घालता घालता मी अर्धा तास बोलत होते. मेंढी संध्याकाळी उठून सरळ चालली. त्याचा मला किती अभिमान वाटला होता, ते आठवलं की आज कसंतरी होतं.

आणि आता ही अकरा.

"तात्या, खरं सांगा. डोकी घातली ना कुत्रीला?"

"न्हाय."

"मग हे आभाळातून पडलं का?"

"म्याडम, तुमी सांगितलं तवापास्नं येक बी डोकं दिलं न्हाय. दोन मेंढ्या गेल्या मदी. दोन्ही पुरल्या. हितं, त्या बोरीच्या बुडाला. उकरून दावू का?"

"दुसऱ्या कुणाचं खाल्लं असेल तिने."

"काळी कळप सोडून जात न्हाय."

मला खोटं बोलणारी माणसं ओळखता येतात असं मला वाटायचं. तात्या खोटं बोलत नव्हते. मग माझी चिडचिड आणखी वाढली. कारण सापडत नसलं की मी समोरच्यावर ओरडते, ही माझी जुनी खोड.

"आहे कुठे ती कुत्री? तिला बघू द्या मला."

सोनाबाई बांबूच्या डालग्यात ठेवलेल्या लहान कोकरांपाशी बसली होती. ती उठून पुढे आली.

"काळी न्हाय आता," ती म्हणाली. "तुमीच म्हनला की फोनवर. मेंढरं पायजेत का कुत्रं, ठरवा म्हनला."

हो, म्हणाले होते. चार दिवसांपूर्वी, फोनवर, दवाखान्यात गर्दी असताना. असंच रागाने. पुढे हे सांगायचं राहिलं की कुत्रीला वजनाप्रमाणे तीन गोळ्या दिल्या की तिच्या आतड्यातले सगळे कृमी मरतात. गोळ्या माझ्या बॅगेत होत्या. त्या दिवशीही होत्या, चार दिवसांपूर्वीही होत्या.

"कुठे सोडली?"

"सांगुल्याला सोडली तर सांजच्याला मागारी आली," तात्या म्हणाले. "मग डाळिंबाच्या टेम्पोत घालून मोडनिंबला न्हेली. हायवेला."

"ती गेली त्याच्या दुसऱ्याच दिशी लांडग्यानं दोन कोकरं न्हेली," सोनाबाई म्हणाली. "चांगली हुती. चक्कर नसल्याली."

मग सोनाबाईने, अगदी साध्या आवाजात, मला वाईट वाटू नये अशा बेताने विचारलं.

"म्याडम, येक इचारू? डोक्यात जी पिशवी आसती, तीच वंगाळ का? का डोकंच वंगाळ?"

"पिशवीच. डोक्यात तेवढीच वाईट."

"मग ती तर तुमीच दिली की काळीला."

"मी? कधी?"

"त्या मेंढीचं आपरेशन केलं तवा. तुमाला फोन आला. तुमी त्या ताटलीतलं हिकडं, जाळीच्या भायेर टाकलं. काळीनं लगीच खाल्लं. आमी बगितलं. आमाला वाटलं, डोकं देऊ नका म्हनत्यात आन् पिशवी देत्यात, म्हंजे तिचा वाटा आता डॉक्टरच देत्यात. औषिद लावून दिली आसंल."

आठवलं. फोन जिल्ह्याच्या साहेबांचा होता. लसीकरणाचे फोटो पाठवले नाहीत म्हणून. मी खांदा आणि कानाच्या मध्ये फोन धरला, एका हाताने सुई ट्रेमध्ये ठेवायला गेले, ट्रे भरलेला होता, म्हणून तो मागे रिकामा केला. बघितलंही नाही. कॉलेजात पाच वर्षं ऑपरेशनं केली, ट्रेमधलं पुढे कुठे जातं हे मी कधी पाहिलं नव्हतं. ते उचलून नेणारा माणूस वेगळा असायचा.

शेकडो ठिपके. प्रत्येक ठिपका एक डोकं. दीड-दोन महिन्यांत कुत्रीच्या पोटात ते वाढून अंडी टाकायला लागले असणार. ती अंडी नेमकी जाळीच्या आजूबाजूला, जिथे लहान कोकरं पहिलं गवत तोडायला शिकतात तिथे. गणित चोख जुळत होतं.

"मग तेव्हाच का नाही बोललात?" मी विचारलं.

"तुमी डॉक्टर," तात्या म्हणाले. त्यांच्या दृष्टीने ते उत्तर पुरेसं होतं.

मी तात्यांना जीपमध्ये घेतलं आणि मोडनिंबला निघाले. मला एकच आशा होती, कुत्री सापडेल, गोळ्या देऊ, दोन-तीन दिवस बांधून ठेवू, तिची विष्ठा जाळू, आणि ती कळपात परत जाईल. निदान तेवढं तरी माझ्या हातून सरळ होईल.

हायवेच्या कडेला चहाची टपरी होती. टपरीवाल्याला फाटका कान म्हणताच कळलं.

"लई मोटी, काळी? व्हय. तीन दिस हितंच बसून हुती. डाळिंबाचा टेम्पो दिसला की मागं पळायची. आज सकाळी कंटेनरखाली आली. तितं, डिव्हायडरला वडून ठिवलीया."

तात्या आधी गेले. मी मुद्दाम मागे थांबले. त्यांनी डोक्याचा टॉवेल सोडून तिच्या तोंडावर टाकला आणि उकिडवे बसले.

पुढचं मी का केलं, ते मला अजून नीट सांगता येत नाही. खात्री करायची होती हे खरं. शिक्षा करून घ्यायची होती हेही खरं.

"तात्या, उघडून बघू?"

"बगा. तुमास्नी कळंल."

आम्ही तिला रस्त्यापासून आत, एका पडीक रानात नेलं. मी हातमोजे चढवले. आतडं सोडवलं, कात्रीने लांबीत चिरलं आणि पाण्याने हळू धुतलं. ते तिथेच होते. पांढऱ्या फिती, एकात एक गुंतलेल्या, काही अजून संथ हलत होत्या. एक सोडवायला गेले तर डोकं सुटेना, आतड्याच्या अस्तरात गच्च. भिंगाखाली धरलं. चार वाट्या, आकड्यांच्या दोन रांगा. परीक्षेत मी याची आकृती सुबक काढली होती आणि पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते. मी तीसपर्यंत मोजले आणि मोजणं सोडलं.

भिंग मी तात्यांच्या हातात दिलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"ह्येला त्वांड कुटं हाय?"

"नाही. तोंडच नाही."

"आन् एवढं खातंय," ते म्हणाले.

कमरेएवढा खड्डा खणला. चुना टाकला, काळीला ठेवलं, वर पुन्हा चुना, माती, दगड. भोवतीची माती, पाणी सांडलं होतं तीसुद्धा उकरून आत लोटली. त्या दिवशी पहिल्यांदा मी सगळं पुस्तकाप्रमाणे केलं.

पुढचे दोन दिवस मी तात्यांच्या कळपातच होते. आणखी चार कोकरं फिरायला लागली, त्यातल्या दोघांची कवटी दबत होती. एकूण आठ कवट्या उघडल्या. एक कोकरू हातातच गेलं, दोन रात्रीतून गेली, पाच वाचली. ज्यांचं खोल होतं ती सातही पुढच्या काही दिवसांत गेली. काही उपाशी मेली, कारण चारा समोर असून तोंड तिथे नेता येत नाही. मी हात लावीन त्या प्रत्येक वेळी सोनाबाई झाकणाची स्टीलची बरणी घेऊन शेजारी बसायची. पिशवी निघाली की बरणी पुढे करायची.

"ही कुटं टाकायची, तेवढं आदी सांगा," पहिल्या वेळी ती म्हणाली होती. टोमणा नव्हता तो. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. मी सगळ्या पिशव्या तिच्यासमोर जाळल्या.

मग अहवाल. जनावरं अशी मेली की जिल्ह्याला अहवाल जातो. त्यात एक रकाना असतो, रोगप्रसाराचे कारण. मी लिहिलं, पूर्वीच्या शस्त्रक्रियेत काढलेली पिशवी माझ्याकडून उघड्यावर टाकली गेली, ती कुत्र्याने खाल्ली. साहेबांचा फोन आला.

"मॅडम, हे काय लिहिलंय?"

"झालं ते लिहिलंय, सर."

"अहो, एका पिशवीने एवढं होतं हे सिद्ध कसं करणार? ती माणसं वर्षानुवर्षं डोकी घालतात कुत्र्यांना. घालतात की नाही?"

"घालायची. या कळपाने बंद केलं होतं."

"केलं होतं असं ते म्हणतात. मेंढपाळांचे अज्ञान, असं लिहा. तुमचं प्रमोशन तोंडावर आलंय. आणि खाली मालकाची सही घ्या."

मी दोन दिवस विचार केला. विचार केला असं म्हणते, पण खरं म्हणजे वाट पाहिली. साहेबांवरचा माझा राग आपोआप निवेल याची. मग नवीन कागद टाइप केला आणि तो घेऊन कळपावर गेले. तात्या चौथी शिकलेले. वाचतील असं मला वाटलं नव्हतं. त्यांनी बोट ठेवून, ओळ न् ओळ वाचलं. 'मेंढपाळांचे अज्ञान' लिहिलेल्या रकान्यापाशी बोट थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आता हा माणूस मला बोलणार, असं वाटलं, आणि बोलला असता तर मला बरंच वाटलं असतं.

"बराबर हाय की," ते म्हणाले. "आमाला ठावं नव्हतंच." आणि सही केली.

म्हातारा कळप आणि उरलेली कोकरं त्यांनी पुढच्या वर्षी विकून टाकली. दोघं कुर्डुवाडीला गेली. माझं प्रमोशन झालं. आता निवृत्त होऊन सोलापुरात राहते. पण उरलेल्या नोकरीत एक गोष्ट मी कधी चुकवली नाही. आधी ट्रे झाकायचा, मग टाके, मग लोकांना उपदेश. नव्या मुलामुलींच्या ट्रेनिंगला बोलावलं की मी कृमीचं जीवनचक्र फळ्यावर काढते. कुत्रा, गवत, मेंढी, पुन्हा कुत्रा. सगळ्या पुस्तकांत ते असंच आहे. मेंढी आणि कुत्रा यांच्या मधल्या बाणावर मी एक माणूस काढते, हातात ट्रे घेतलेला. मुलं विचारतात, हा मेंढपाळ का? मी सांगते, नाही, ही डॉक्टर आहे.